‘डी ड्राइव्हवर ठेवलंय’ म्हणजे नक्की कुठे?

(घरगुती संगणक वापरणाऱ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. आज इथून घरी गेलात आणि कॉम्प्युटर चालूच झाला नाही, तर त्यातल्या कोणत्या गोष्टीसाठी तुमचा जीव खालीवर होईल? बहुतेकांच्या मनात आधी फोटो येतात. मग मुलांची सर्टिफिकेटं, घराचे कागद, कुणाचा टॅलीचा डेटा, कुणी दहा वर्षं खपून टाइप केलेला कुलवृत्तांत. विंडोजची काळजी कुणालाच वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. विंडोज पुन्हा टाकता येतं, प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा उतरवता येतो, मशीन नवीन घेता येतं. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा गाडीचं आरसी डिजीलॉकरवर पुन्हा मिळतं. पण आजोबांचा आवाज असलेली ती एकमेव क्लिप पुन्हा मिळत नाही. तेव्हा आपण बोलतोय ते फक्त अशा गोष्टींबद्दल, ज्या पुन्हा मिळणार नाहीत. त्या वेगळ्या काढल्या की ढीग बराच लहान होतो.

आता दुसरा प्रश्न. याची दुसरी प्रत आहे का? याला येणारी उत्तरं मला पाठ झाली आहेत. ‘आहे ना, डी ड्राइव्हवर ठेवलंय.’ ‘गूगलवर आपोआप जातं.’ ‘व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पाठवलेत.’ ‘पेनड्राइव्हमध्ये आहे, कपाटात.’ ही चारही उत्तरं आज तपासून बघू. तपासायला एकच कसोटी पुरते. पहिली प्रत ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने दुसरीही जाईल का? जाणार असेल तर ती दुसरी प्रत म्हणून मोजायची नाही. बस, एवढंच डोक्यात ठेवा.

डी ड्राइव्हपासून सुरू करू, कारण आपल्याकडे हा समज घराघरात आहे. सी ड्राइव्ह म्हणजे विंडोजची जागा, डी म्हणजे आपली सुरक्षित जागा, असं कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याने कधीतरी सांगितलेलं असतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. घरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच असते. तिचेच कागदोपत्री दोन भाग पाडलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका खोलीत खडूने रेघ मारून ‘ही तुझी बाजू, ही माझी’ म्हटल्यासारखं. भिंत नाही, नुसती रेघ. खोलीला आग लागली तर ती रेघ बघून थांबत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते घरी जाऊन बघा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा. यादीत ‘डिस्क मॅनेजमेंट’ दिसेल, ते उघडा. खालच्या भागात आडवे पट्टे दिसतील. ‘डिस्क ०’ लिहिलेल्या एकाच पट्ट्यात सी आणि डी दोन्ही असतील, तर तुमची डिस्क एकच आहे. डी जर ‘डिस्क १’ या वेगळ्या पट्ट्यात असेल तर डिस्क खरोखर दोन आहेत. डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये हे पुष्कळदा असतं, एक लहान एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क. तिथे नुसतं बघायचं, बटणं दाबत बसायचं नाही. त्या खिडकीतून आख्खी डिस्क पुसता येते.

मग त्या रेघेचा काहीच उपयोग नाही का? आहे, एका प्रसंगी, आणि तो प्रसंग सध्या घरोघरी येतोय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे पुष्कळ लोक मशीनवर नवीन विंडोज टाकून घेतायत. कॉम्प्युटरवाला येतो, विचारतो, ‘काका, सीमध्ये काही महत्त्वाचं नाही ना?’ काका आठवतात, म्हणतात, ‘छे, सगळं डीमध्ये.’ तो सी फॉरमॅट मारतो. आणि संध्याकाळी कळतं की डेस्कटॉपवरची ती चाळीस फोल्डर गेली.

कारण डेस्कटॉप ही वेगळी जागा नाही. तो सी ड्राइव्हमधल्या ‘यूझर्स’ या फोल्डरच्या आत, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, सगळे तिथेच. बँकेची स्टेटमेंटं तर हमखास डाउनलोड्समध्ये पडलेली असतात. ब्राउझरचे बुकमार्क तिथल्याच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. टॅलीचा डेटाही अनेकदा सीवरच असतो, टॅलीच्या कंपनी माहितीत डेटाचा पत्ता दिसतो तो एकदा वाचा. टॅलीमध्ये बॅकअपची स्वतंत्र सोय आहे, तीच वापरावी.

म्हणून कॉम्प्युटरवाल्याला ‘सीमध्ये काही नाही’ हे वाक्य कधीही सांगू नका. यूझर्समधलं तुमच्या नावाचं आख्खं फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क काढून हातात धरा, मग त्याला काम सुरू करू द्या. विंडोज फॉरमॅट न करता वरून टाकलं असेल तर जुनी फोल्डर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात. पण अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी विंडोज ते स्वतःहून साफ करतं. तेव्हा शोधायचं तर लगेच.

इथे एक नवीन भानगड आहे, ती सांगायलाच हवी. अलीकडच्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ हे नाव ऐकलं असेल. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला की ते पुष्कळदा तुम्हाला न कळता चालू झालेलं असतं. लॅपटॉप चोरीला गेला तर उत्तम गोष्ट आहे, चोराला फोटो दिसत नाहीत. पण मदरबोर्ड बदलला, कधीकधी नुसतं बायोस अपडेट झालं, तरी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा कुणालाही काढता येत नाही. पूर्वी लॅपटॉप बिघडला की डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची, ही युक्ती चालायची. आता कीशिवाय चालत नाही. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. प्रश्न असा की ते खातं कुणाच्या ईमेलवर उघडलंय? लॅपटॉप दुकानात सेट करून दिला असेल तर तिथल्या मुलाने नवाच ईमेल काढून दिलेला असू शकतो, आणि तो पासवर्ड आज कुणालाच माहीत नसतो. हे तपासायला लॅपटॉप बिघडायची वाट बघू नका. की शोधा, कागदावर लिहा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.

आता दुसरं उत्तर, ‘गूगलवर आपोआप जातं.’ यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. एक बॅकअप आणि दुसरी सिंक. सिंक म्हणजे दोन ठिकाणं सारखी ठेवणं. इथे जे कराल ते तिथे होणार. आरशासारखं समजा. तुम्ही टिकली लावलीत तर आरशातही लागेल, पुसलीत तर आरशातही पुसली जाईल. आरशात बघून ‘माझी एक प्रत तिकडे आहे’ असं आपण म्हणत नाही.

गूगल फोटोजचं उदाहरण घेऊ. फोनची जागा भरली. तुम्ही विचार केला, फोटो गूगलवर गेलेलेच आहेत, फोनमधले उडवू. ॲप उघडलं, शंभर फोटो निवडले आणि डिलीट दाबलं. हे फोटो दोन्हीकडून गेले. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्यात लक्षात आलं तर परत आणता येतो, नंतर नाही. फोनमधली जागा मोकळी करायची तर त्याच ॲपमध्ये ‘फ्री अप स्पेस’ नावाचा वेगळा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली प्रत काढतो, तीही बॅकअप झालेल्या फोटोंचीच. दोन बटणं, दोन वेगळे परिणाम, आणि अंगठा मात्र एकच. पण इथेही एक लक्षात घ्या. फ्री अप स्पेस केल्यावर गूगलवरची प्रत ही दुसरी प्रत उरत नाही. ती आता एकुलती एक आहे.

कॉम्प्युटरवर हेच वन ड्राइव्ह करतं. विंडोज सेट करताना ‘तुमच्या फोल्डरांचा बॅकअप घेऊ का’ असं विचारतं, आपण ‘हो’ म्हणतो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवली जातात. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की पिवळे इशारे सुरू होतात. मग कुणीतरी ब्राउझरमध्ये वन ड्राइव्ह उघडून ‘इथलं साफ करू, मूळ कॉम्प्युटरवर आहेच’ म्हणून फायली पुसतो, आणि कॉम्प्युटरवरूनही त्या नाहीशा होतात. नाव बॅकअप, वागणं सिंकचं. या नावाबद्दल मायक्रोसॉफ्टवर माझा राग आहे, तो इथे नोंदवून ठेवतो.

गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघेही राहतात. अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. भरलं की नवे फोटो वर जाणं थांबतं, आणि ते थांबल्याची सूचना आपण बाजूला सरकवतो. माझ्या ओळखीच्या एका घरात नातवाच्या जन्मानंतरचा एकही फोटो वर गेला नव्हता आणि दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता. आज घरी गेलात की फोटोज ॲपमध्ये वर उजवीकडे तुमच्या चित्रावर टिचकी मारा. ‘बॅकअप कम्प्लीट’ लिहिलंय का ते वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

क्लाउड वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. घराला आग लागली, पूर आला, चोरी झाली, तर क्लाउडवरची प्रत वाचते, कारण ती शेकडो किलोमीटर दूर असते. पण तुमच्या स्वतःच्या बोटाने झालेल्या चुकीपासून ती वाचत नाही. कसोटी लावून बघा, लगेच कळतं.

व्हॉट्सॲपचं उत्तर लवकर निकालात काढू. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतं. मोबाइलवर छान दिसतो, फ्रेम करायला मोठा छापला की चेहरे पिठासारखे होतात. मूळ फोटो पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मग तो जसाच्या तसा जातो. आणि जुना फोटो फोनवरून पुसला असेल तर तो पुन्हा उतरवून मिळेलच असं नाही. व्हॉट्सॲप हा निरोप्या आहे, कोठार नाही.

राहिला पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडी, या सगळ्यांत माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठवलेली असते. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिलं तर तो भार हळूहळू गळतो. त्यामुळे इकडून तिकडे न्यायला पेनड्राइव्ह उत्तम, दहा वर्षं कपाटात ठेवायला वाईट. शिवाय बाजारात बनावट माल फार. ‘२ टीबीचा पेनड्राइव्ह ५०० रुपयांत’ अशी जाहिरात दिसते. त्यात प्रत्यक्षात ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि आतला कंट्रोलर कॉम्प्युटरशी खोटं बोलतो. तुम्ही कॉपी करत राहता, एररसुद्धा येत नाही, नंतर उघडायला गेलात की निम्म्या फायली फुटलेल्या. हे ओळखायला ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते आख्खी जागा भरून परत वाचून बघतं. नवीन पेनड्राइव्ह रिकामा असतानाच एकदा चालवा. वेळ खातं, पण खोटं उघडं पाडतं.

इथे दुकानदाराची बाजूही घेतो. १ टीबीची खरी डिस्क लावली तरी विंडोज ९३१ जीबीच दाखवतं. ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून आकडा कमी दिसतो.

आणि लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो, जागा तर भरपूर आहे, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. तो पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. आतलं सगळं आधी बाहेर काढून घ्या आणि ‘एक्सफॅट’ने फॉरमॅट करा, काम होतं.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर डीव्हीडींबद्दल. २००० नंतरच्या वीसेक वर्षांतली आपली लग्नं, मुंजी, साठीशांती सगळं डीव्हीडीवर आहे. घरी भरलेल्या डीव्हीडीत रंगाचा एक थर असतो, तो काळाने उतरतो. कोकणात किंवा मुंबईत तर बुरशीही धरते. आणि नवीन लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. बाहेरून यूएसबीला लावायचा ड्राइव्ह मिळतो, चार घरांत मिळून एक घ्या. डीव्हीडी उघडल्यावर ‘व्हिडिओ-टीएस’ नावाचं फोल्डर दिसेल. ते जसंच्या तसं, आख्खं, डिस्कवर कॉपी करा. आतल्या फायली व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतात. रूपांतर वगैरे नंतर सवडीने करा, आधी माहिती त्या तबकडीतून बाहेर काढा. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

मग करायचं काय? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ असा एक ठोकताळा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आपल्या घरासाठी याचा अर्थ सरळ आहे. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. ४ एमबीचा एक फोटो धरला तर १ टीबीत अडीच लाख फोटो मावतात. बहुतेक कुटुंबांना एक डिस्क पुष्कळ होते.

‘बहिणीच्या घरी’ हे मी गमतीने म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. तळमजल्यावर कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क असेल, तर पाण्याला दोन्ही सारखीच. दिवाळीला भाऊबीजेला जाताच ना? डिस्क घेऊन जा, तिची आणा. वर्षातून एकदा अदलाबदल झाली तरी पुष्कळ आहे.

डिस्क लावून ‘फाइल हिस्टरी’ चालू करा, ते विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे. डिस्क जोडलेली असेल तेव्हा दर तासाला बदललेल्या फायलींची नवी प्रत घेतं आणि जुन्या प्रतीही ठेवतं. जुन्या प्रती ठेवतं हे महत्त्वाचं. तुम्ही चुकून आख्खा मजकूर पुसून फाइल सेव्ह केलीत तरी काल दुपारची फाइल परत मिळते. ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरलेली फोल्डर घेतं. डीवरची फोल्डर त्यात धरली आहेत असं गृहीत धरू नका, ती हाताने कॉपी करा. मॅक असेल तर ‘टाइम मशीन’ हेच काम जास्त नीट करतं.

आणि काम झालं की डिस्कची वायर काढा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागायचा. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम त्याने ठप्प केलं होतं. असं काही कॉम्प्युटरमध्ये शिरलं की जोडलेल्या सगळ्या डिस्क त्याला सारख्याच दिसतात. लावून ठेवलेली बॅकअप डिस्क मूळ फायलींबरोबरच जाते. जूनमध्ये वीज कडाडते तेव्हाही तेच. एकाच प्लगवरची दोन्ही यंत्रं एकदमच जातात. घरात हे रॅन्समवेअर शिरायची एक नेहमीची वाट म्हणजे क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं आणि विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या फायली. पुढचं तुम्ही समजून घ्या.

आता ज्या भागासाठी मी खरं तर आलोय तो. प्रत घेतली, पण ती उघडून बघितली का?

१९९८ साली पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू होतं. कुणीतरी चुकीच्या ठिकाणी डिलीटची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या बहुतेक फायली भराभर पुसल्या गेल्या. बॅकअप होता. रोज घेतला जात होता. तो लावायला गेले तर कळलं की बॅकअप नीट घेतलाच जात नव्हता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंमुळे. त्या लहान बाळामुळे घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून आणला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत, तर आपण कोण?

आपल्याकडे या प्रश्नाला एक खास मराठी पदर आहे. मघाशी कुलवृत्तांताचा उल्लेख केला. १९९५ ते २०१० च्या दरम्यान मराठीत टाइप झालेलं पुष्कळसं साहित्य, म्हणजे दिवाळी अंक, सोसायटीची इतिवृत्तं, संस्थांच्या स्मरणिका, वंशावळी, हे श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत आहे. त्या फाइलच्या पोटात मराठी अक्षरं नाहीतच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत आहेत. फाँट त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट आहे तोवर ‘श्री’ दिसतं. नव्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा काला दिसतो. लोकांना वाटतं फाइल बिघडली. फाइल ठणठणीत आहे, मुखवटा हरवलाय.

म्हणजे इथे तीन प्रती असल्या, तिन्ही सुखरूप असल्या, तरी वाचता येत नाही. मजकूर पेजमेकरमध्ये लावलेला असेल तर आणखी पंचाईत. तो प्रोग्रॅम कधीच बंद झाला आणि आजचं इनडिझाइन त्या फायली उघडत नाही. तेव्हा ज्यांच्या घरी जुना कॉम्प्युटर अजून चालतोय, त्यांनी तो भंगारात देण्याआधी दोन कामं करा. तिथेच, तो फाँट असलेल्या मशीनवर, प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट आत बांधला जातो, त्यामुळे कुठेही वाचता येते. तरी ती दुसऱ्या मशीनवर उघडून खात्री करा. आणि विंडोजमधल्या ‘फाँट्स’ फोल्डरमधून त्या फाँटच्या फायली त्याच फोल्डरात कॉपी करून ठेवा. त्यानंतर सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदला. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. रफार, जोडाक्षरं आणि आकडे इथे ती चुकतात. ‘सुर्‍या’ आणि ‘सूर्या’ यांत घोळ झाला तर वंशावळीत माणूसच बदलायचा. मूळ छापील प्रत शेजारी घेऊन कुणीतरी वाचायलाच हवं, आणि ज्यांना ती नावं माहीत आहेत अशी माणसं घरात आहेत तोवरच ते होऊ शकतं.

उघडून बघायची पद्धत सोपी ठेवा. बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, ज्यावरून घेतलीत त्याला नको. वेगवेगळ्या फोल्डरांतून दहा फायली उघडा. दोन जुने फोटो, दोन नवे, एक व्हिडिओ शेवटपर्यंत, एक मराठी दस्तऐवज, एक एक्सेल. मूळ फोल्डरच्या आणि प्रतीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फायलींची संख्या ताडून बघा. वर्षातून दोनदा पुरे. डिस्कची तब्येत बघायला ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते ‘गुड’ किंवा ‘कॉशन’ असं सांगतं. कॉशन दिसलं की दुरुस्तीच्या मागे लागू नका, त्याच दिवशी नवी डिस्क आणा. आणि हार्ड डिस्कमधून टक टक असा आवाज यायला लागला तर ती ताबडतोब बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून बघण्याने उरलीसुरली आशाही जाते.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: कॅमेऱ्याच्या कार्डमधले फोटो मुलाने उडवले. रिसायकल बिनमध्येही नाहीत. काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, मात्र आत्तापासून त्या कार्डावर एकही फोटो काढू नका. कार्ड आणि पेनड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. पण पुसलं म्हणजे बहुधा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद गेलेली असते, मजकूर त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. कार्ड बाहेर काढा, कॉम्प्युटरला लावा आणि ‘फोटोरेक’ किंवा ‘रेकुव्हा’ चालवा. मिळालेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायचे नाहीत, कॉम्प्युटरवर करायचे. फोटोरेक फायलींची मूळ नावं परत देत नाही, पण फोटो देतं. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून पुसलं असेल तर मात्र आशा कमी धरा. पुसलेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज एसएसडीला कळवतं आणि ती ते खरोखर साफ करून टाकते.

प्रश्न: गूगलवरचे सगळे फोटो एकदम डिस्कवर आणायचे असतील तर?

‘गूगल टेकआउट’ नावाची त्यांचीच सोय आहे. त्यात फक्त फोटोज निवडा. झिप फायली तयार व्हायला वेळ लागतो, तयार झाल्या की ईमेल येतो. फोटोंबरोबर पुष्कळ लहान लहान मजकुराच्या फायलीही येतील. त्यात तारीख, ठिकाण, वर्णन अशी माहिती असते. कचरा समजून त्या टाकू नका.

प्रश्न: (एक आजी विचारतात) यांचं सगळं यांच्या ईमेलमध्ये आहे. मला त्यातलं काही येत नाही. उद्या काही झालं तर मुलांनी काय करायचं?

आजी, हे आजोबांकडून आत्ताच करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं किती महिने वापरलं गेलं नाही तर ते बंद पडलं असं समजायचं, ते तिथे ठरवता येतं, कमीत कमी ३ महिने. ती मुदत संपायच्या आधी गूगल आजोबांनाच इशारा देतं. त्यांनी उत्तर दिलं नाही तर त्यांनी नेमलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा, निरोप जातो आणि त्यांनी ठरवलेला भाग, म्हणजे नुसते फोटो किंवा फोटो आणि मेलही, उतरवून घेता येतो. हे केलेलं नसेल तर गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं पुसू शकतं. मुलाचा ईमेल आणि मोबाइल नंबर दोन्ही बरोबर घेऊन बसा, नेमताना ते लागतात.